लेकीचा फोटो बिघडवून वाडीच्या ग्रुपवर टाकलाय, काय करू?

देवगडची खानावळवाली:
गणपतीत लेक फुगडी घालत होती, तो फोटो मीच हौसेनं ग्रुपवर टाकला होता. ती २६ वर्षांची, पनवेलला नर्स आहे. परवा कुणा मेल्यानं तिचा चेहरा दुसऱ्याच उघड्या बाईच्या अंगावर बसवून त्याच ग्रुपवर टाकला. नंबर अनोळखी. अॅडमिन आमच्या भावकीतलाच. त्यानं लगेच सगळ्यांसाठी डिलीट केलं, वर मला सांगतो, "काकी, विषय संपला." कसला संपतो! त्याआधी भजनाच्या बुवांनी तो मलाच पाठवून विचारलं होतं, "ही तुमचीच ना?" आता तेवढीच एक प्रत माझ्या फोनात आहे. तिच्या नावानं खोटं इन्स्टा खातंही निघालंय. पोलीस ठाण्यात म्हणाले, "फोटो खरा नाही ना, मग घाबरता कशाला?"

कोर्टाच्या पायरीवरचा:
काकी, बुवांचा मेसेज पुसू नका, फोन बदलू नका. त्या प्रतीसोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, प्रमाणपत्र लागेल. अॅडमिनकडून तो अनोळखी नंबर लिहून घ्या.
फोटो खोटा म्हणून गुन्हा होत नाही, असं मुळीच नाही. आयटी कायद्याचं कलम ६७, अश्लील मजकूर पसरवण्याचं, आहेच, शिवाय न्याय संहितेचं ३३६(४), बदनामीसाठी केलेली बनावट. सगळे ६६ई सुचवतील, पण ते कुणाचे खरोखर खासगी फोटो काढले तर. नुसत्या बदनामीचं ३५६ अदखलपात्र, म्हणजे कोर्टाच्या हुकमाशिवाय पोलीस तपास करत नाहीत, तेवढ्यावर बोळवण करून घेऊ नका.
आयटी कायद्याखालचा तपास निरीक्षक किंवा त्यावरचा अधिकारीच करतो. थेट त्यांनाच भेटा.

नालासोपाऱ्याचा चाकरमानी:
गावात बोभाटा नको असेल तर पनवेलला तक्रार द्या. झिरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात होतो.

कोर्टाच्या पायरीवरचा:
बरोबर, नागरिक सुरक्षा संहिता, कलम १७३. आणि इन्स्टाची तक्रार पोलिसांसाठी अडवून ठेवू नका. आधी खात्याची लिंक आणि स्क्रीनशॉट ठेवा, मग कळवा. २०२१ च्या आयटी नियमांत असे बनावट फोटो हटवायला कंपनीला २४ तासच दिले होते. लेकीच्या वतीनं तुम्हीही तक्रार करू शकता.

देवगडची खानावळवाली:
लेकीला आत्ताच फोन केला. ती म्हणते, "आई, तू ये, मग दोघी जाऊ." कणकवलीहून संध्याकाळची तुतारी एक्सप्रेस धरते. खानावळ दोन दिवस बंद. बुवांना सांगितलंय, तुमचाही फोन जपा. ते बिचारे उलट विचारतात, "माझ्यावर केस होत नाय ना?"