मदत हवी आहे: भारलेला नायक दशावतारी ढंगात कसा दाखवावा?

नमस्कार मंडळी. वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या वाडीत गणपतीसाठी मुलांचं नाटक बसवतोय, दशावतारी ढंगात. कथा कॅप्टन अमेरिकाच्या २००५ सालच्या कॉमिकमधली. मेला असं सगळे समजत होते तो जोडीदार बकी रशियनांच्या हाती लागतो, ते त्याची स्मृती पुसून मारेकरी बनवतात आणि तो जुन्या मित्रावरच उलटतो. तिथे कॉस्मिक क्यूबमुळे, म्हणजे मनातली इच्छा खरी करणाऱ्या जादुई ठोकळ्यामुळे, त्याला सगळं आठवतं. आमच्याकडे पेटी, पखवाज नि झांज. लढाई रंगात असतानाच ओळख पटावी, असं मनात आहे. तो क्षण संवादावर तोलावा की पखवाजाचा ठेका मोडून? दशावतारात काम केलेल्यांनी कृपया सांगा. बकी करणारा नववीतला पोरगा जीव ओतून तालीम करतोय हो!