दुकानात 14 माणसं आहेत, मर्यादा 20 झाली; मग आता काय काय पाळायचं?

मांजरीकर: नमस्कार मंडळी. मांजरी बुद्रुकला हार्डवेअरचं दुकान आहे, 14 कर्मचारी. त्यातला एक विक्री प्रतिनिधी कायम पणजीत असतो. 2025च्या अध्यादेशाने दुकाने कायद्याची (दुकानांची नोंदणी आणि कामाचे तास ठरवणारा राज्याचा कायदा) मर्यादा 10 वरून 20 वर गेली, त्यात 21 नोव्हेंबरला केंद्राच्या चारही कामगार संहिता लागू झाल्या. "20च्या आत असाल तर फाईल बंद करा," असं व्यापारी ग्रुपवर सर्रास सांगतात. हे कितपत खरं? आणि पुढचे बदल वेळेत कळावेत म्हणून तुम्ही काय करता?

पगारपत्रक_पुणे: फाईल अजिबात बंद करू नका. 20 हा आकडा फक्त दुकाने कायद्याचा आहे आणि तिथेही नोंदणी गेली तरी ऑनलाइन सूचना द्यावीच लागते. मराठी पाटी तर माणसं कितीही असली तरी हवीच.

बाकी प्रत्येक कायदा माणसं स्वतःच्या हिशेबाने मोजतो. कामगार कल्याण निधी 5 पासून. ग्रॅच्युइटी 10 पासून. लैंगिक छळ प्रतिबंधाची, म्हणजे तक्रारी ऐकणारी अंतर्गत समितीही 10 पासूनच, आणि गोंधळ नेमका इथे होतो: दुकाने कायद्याचे 10 गेले म्हणून लोक समितीही मोडतात. तिचा वार्षिक अहवाल जिल्हा अधिकाऱ्याकडे जायलाच हवा. भविष्य निर्वाह निधी 20 ला.

संहितांनी केंद्राचे जुने कायदे गिळले. दुकाने कायदा, व्यवसाय कर आणि कल्याण निधी हे राज्याचे, ते तसेच उभे आहेत.

किमान_वेतन: मांजरी म्हणालात म्हणून मुद्दाम लिहितो. 2021 मध्ये 23 गावं पुणे महापालिकेत आली, त्यात मांजरी बुद्रुक आहे. दुकानांच्या किमान वेतनाचे दर भागानुसार, म्हणजे परिमंडळानुसार ठरतात, आणि महापालिका हद्द परिमंडळ एकमध्ये येते. पगारपत्रकात अजून ग्रामीण परिमंडळाचा दर चालू असेल, तर तेव्हापासूनचा फरक साचत आलाय. आधी तो तपासा.

दुसरं, विशेष भत्ता, म्हणजे किमान वेतनातला महागाईचा भाग. तो 1 जानेवारी आणि 1 जुलैला बदलतो, पण कामगार आयुक्तांचं पत्रक बऱ्याचदा नंतर येतं. त्यामुळे पत्रक आल्यावर मागच्या तारखेपासूनचा फरक द्यायचा. पत्रकात आधी आपला उद्योग शोधा, मग परिमंडळ, मग कुशल, अर्धकुशल की अकुशल ते बघा. छापलेला भत्ता पूर्ण असतो, वाढीव नव्हे. तो मूळ दरात मिळवायचा. मागच्या सहामाहीच्या एकूण रकमेत मिळवलात की हिशेब चुकलाच. रोजंदारी काढायला 26 ने भागा.

मांजरीकर: परिमंडळाचं ध्यानातच आलं नव्हतं, आभार. पणजीच्या माणसाचा व्यवसाय कर इथेच कापतोय, ते बरोबर आहे ना?

लेखापाल_ताई: नाही दादा. तो काम गोव्यात करतो आणि गोव्यात व्यवसाय कर नाही. कल्याण निधीही गोव्याचा वेगळा आहे, तिकडच्या नियमाने भरा.

महाराष्ट्रातल्या 13 जणांच्या कल्याण निधीचा हिशेब असा: सहामाहीला माणशी कर्मचाऱ्याचे 25, तुमचे 75, म्हणजे एकूण 1,300. हे दर 2024 मध्ये बदलले. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये अजून 12 आणि 36 दिसतात. कपात जून आणि डिसेंबरच्या पगारातून करायची, भरणा 15 जुलै आणि 15 जानेवारीच्या आत. व्यवसाय करात महिलांना एप्रिल 2023 पासून दरमहा 25,000 पर्यंतच्या पगारावर माफी आहे. पुरुषांना 10,000 च्या वरच्या पगारावर दरमहा 200, फेब्रुवारीत 300.

पगारपत्रक_पुणे: बदल कळण्याबद्दल विचारलंत ते राहिलं. एक तक्ता करा: कायदा, किती माणसांपासून, सध्याचा दर, कधीपासून लागू, अधिसूचनेचा क्रमांक, पुढची तारीख. क्रमांकाची चौकट रिकामी असेल तर तो बदल पगारात घ्यायचा नाही. त्याच अध्यादेशातल्या 10 तासांच्या पाळीचं उदाहरण बघा. मंत्रिमंडळाचा निर्णय 3 सप्टेंबर 2025ला झाला, बातम्याही तेव्हाच आल्या, पण अध्यादेश निघाला ऑक्टोबरात. बातमी वाचून सप्टेंबरातच पाळ्या बदलणाऱ्याने तो महिनाभर जुना कायदा मोडला. म्हणून महिन्यातून दोनदा राजपत्र आणि कामगार आयुक्तांचं संकेतस्थळ उघडा, अर्ध्या तासाचं काम आहे. माणूस आला, गेला किंवा त्याची जागा बदलली, की त्याच दिवशी तक्त्यातली संख्याही बदला.