घरी सोडताना 'समजलं ना?' विचारणं आपण थांबवावं का?

डिस्चार्ज समन्वयक (धागाकर्ती)
सात वर्षं रुग्णांना घरी सोडायचं काम करतेय. माझं ठाम मत आहे की 'समजलं ना?' हा प्रश्न टाकून द्यावा. त्याला उत्तर 'हो' असंच येतं. घरची ओढ लागलेली असते, आणि 'नाही समजलं' म्हणायला माणूस संकोचतो. संशोधक केसल्स यांनी २००३च्या लेखात मांडलं होतं की दवाखान्यात सांगितलेल्यातलं ४० ते ८० टक्के लोक लगेच विसरतात.

एका बाईंना संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट होतं, आठवड्यातून एकदाच घ्यायचं. मी नीट समजावलं, त्यांनी मान डोलावली. निघताना सहज विचारलं, "ही गोळी कधी घेणार?" म्हणाल्या, "रोज रात्री, बाकीच्यांबरोबर." रोज घेतली तर रक्तपेशी घटून जीवावर बेतू शकतं. त्या दिवशी मी घरी जाऊन रडले. तेव्हापासून प्रत्येकाकडून परत सांगून घेते. यालाच टीच-बॅक म्हणतात. माझ्या मते ते सक्तीचं असावं.

वॉर्डातली सिस्टर
सक्तीला माझा विरोध आहे. राऊंड संपला की सहा-सात जणांचे कागद एकदम येतात. त्याच वेळी कुणाची सलाईन संपलेली असते, कुणाला ताप चढलेला असतो. सक्ती केली की फॉर्मवर 'परत सांगून घेतले' अशी टिकमार्क होईल आणि रुग्ण तसाच घरी जाईल. बोलण्याचं कौशल्य शिकवायला सगळे येतात, माणसं वाढवायला कुणी येत नाही.

रुग्णाची मुलगी
मला दुसरीच गोष्ट खटकली. माझे वडील शिक्षक होते. त्यांना सगळ्यांसमोर "आता म्हणून दाखवा बरं" असं सांगितलं गेलं. ते गप्पच झाले. पुढे इन्सुलिनबद्दल खरी शंका होती, तीही त्यांनी विचारली नाही. हे म्हणजे मोठ्या माणसाची तोंडी परीक्षा घेणं झालं.

धागाकर्ती
ताई, हे वाचून वाईट वाटलं. तुमच्या वडिलांशी तसं बोलायला नको होतं. मी म्हणते, "मी खूप काही एका दमात सांगितलं. माझं काही राहिलं का ते बघायचंय. घरी गेल्यावर तुम्ही हे कसं सांगाल?" चूक झाली तर ती माझ्या सांगण्यातली, त्यांच्या डोक्यातली नव्हे. हा फरक कर्मचाऱ्यांना सरावानेच येतो, परिपत्रकाने येत नाही.

सिस्टर, वेळेचं तुमचं म्हणणं खरं आहे. पण सगळं परत सांगून घ्यायचंच नाही. नवं औषध, बंद केलेलं औषध आणि कोणतं लक्षण दिसलं तर न थांबता दवाखान्यात यायचं, एवढंच.

फार्मासिस्ट
तुम्ही एका पद्धतीला जास्त श्रेय देताय. रुग्णाला घरी सोडण्याची पद्धत सुधारणाऱ्या बॉस्टनच्या 'प्रोजेक्ट रेड'चा अभ्यास २००९ साली आला, ७४९ रुग्णांचा. परत दाखल होणं आणि तातडीच्या विभागात येणं मिळून ३० दिवसांत साधारण ३० टक्क्यांनी घटलं. पण तिथे नर्सने शिकवणं, सोपी पुस्तिका, पुढची तारीख आधीच घेऊन देणं आणि घरी गेल्यावर फार्मासिस्टचा फोन, हे सगळं एकत्र होतं. त्यातलं नेमकं कशाने काम केलं ते वेगळं काढता येत नाही.

माझ्या फोनवर सर्वाधिक सापडणारी चूक समजुतीची नसतेच. घरी तेच औषध वेगळ्या ब्रँडच्या नावाने पडलेलं असतं, आणि दोन्ही चालू असतात. शिवाय दवाखान्यात ऐकणारा एक आणि घरी गोळ्या देणारा दुसराच. बरोबर परत सांगितलं मुलाने, डब्यात गोळ्या भरते सून!

वॉर्डातली सिस्टर
हेच म्हणते मी. मग डिस्चार्जच्या दुपारची वाट कशाला बघायची? हृदयाचा रुग्ण दाखल झाला की दुसऱ्याच दिवशी वजन कसं मोजायचं ते सांगते. तीन दिवसांत दोन किलोहून जास्त वाढलं तर कळवायचं, हे रोज सकाळी वजन घेतानाच त्यांच्याकडून ऐकते. त्याला जास्तीची मिनिटं लागत नाहीत. शेवटच्या तासात कोंबलं तर कुठलंही कौशल्य कामाचं नाही.

धागाकर्ती
मग सक्तीचा मुद्दा सोडते. तुमची रोजची पद्धत बसवूया आणि गोळ्या देणारा माणूस कोण, हे दाखल करतानाच फाइलवर लिहूया. पण मेथोट्रेक्सेट, इन्सुलिन आणि रक्त पातळ करणारं औषध, या तिन्हींचं परत सांगणं ऐकल्याशिवाय मी कुणालाही दाराबाहेर जाऊ देणार नाही. तिथे वेळ नाही हे कारण मला मान्य नाही.