अफगाण चर्चमध्ये शिपायांसाठी मराठी फलक हवा का?

कुलाबकर
कुलाब्याचं अफगाण चर्च लोकांना उंच मनोऱ्यामुळे ठाऊक. पण ते मुळात युद्धस्मारक आहे. १८३८ ते १८४३ या काळात अफगाणिस्तान आणि सिंधच्या मोहिमांत मेलेल्यांसाठी बांधलेलं, १८५८ मध्ये प्रार्थनेसाठी खुलं झालेलं. आतल्या स्मृतिलेखात अधिकाऱ्यांची नावं आहेत. हवालदार-शिपायांबद्दल मात्र एवढंच, की ते इतके होते की नावं देता आली नाहीत. या मोहिमांत मुंबईच्या फौजेतल्या देशी पलटणीही होत्या. एक मराठी फलक शेजारी लावा, एवढीच मागणी आहे.

दर्यावर्दी
साफ विरोध. गोऱ्या शिपायांची तरी नावं आहेत का तिथे? नाहीत. तेव्हा हुद्दा बघून नाव कोरायचे, कातडी बघून नव्हे. शिवाय ते चालू चर्च आहे, म्युझियम नाही. रविवारी प्रार्थनेला आलेल्या माणसाने तुमचा-आमचा इतिहासाचा वाद का वाचायचा?

कुलाबकर
हुद्दा म्हणता? मग कोरेगावचा जयस्तंभ काय सांगतो? लढाई १ जानेवारी १८१८ ची, सरकार त्याच ईस्ट इंडिया कंपनीचं, पलटण मुंबईच्याच फौजेतली. आणि स्तंभावर साध्या शिपायांची नावं कोरलेली आहेत. शेवटी 'नाक' असलेली, महार शिपायांची नावं आजही वाचता येतात. हे सगळं या चर्चच्या आधीचं. मनात असलं की दगडावर जागा होते.

दर्यावर्दी
अहो, ती एका दिवसाची लढाई, मेलेले मोजता येण्याजोगे. इथे पाच वर्षं चाललंय. जानेवारी १८४२ मध्ये काबूलहून माघार घेताना सुमारे साडेचार हजारांचं सैन्य बर्फात संपलं. कुणाची नावं कोरणार?

घाटवाट
मध्येच बोलतो. काबूलहून निघालेली ती फौज मुख्यतः बंगालची. मुंबईची फौज १८३९ मध्ये सिंधमार्गे बोलन खिंडीतून वर गेली, गझनी घेताना ती होती. फलक लावायचाच तर हे तरी धड लिहा, नाहीतर कुणीतरी सगळं त्या माघारीतून घोड्यावर जिवंत जलालाबादला पोचलेल्या ब्रायडन डॉक्टरच्याच गोष्टीवर नेऊन ठेवेल.
आणि तुम्ही दोघंही बाजारबुणग्यांना विसरताय. काबूलच्या त्या माघारीत सैनिक साडेचार हजार, पण सोबतचे भिस्ती, उंटवाले, स्वयंपाकी, बायकापोरं मिळून बारा हजारांच्या आसपास. स्मृतिलेखात तलवारीने आणि रोगाने मेलेल्या सैनिकांचा उल्लेख आहे. सैनिक नसलेल्यांचा नाही. माझ्या मते हे शिपायांच्या नावांपेक्षा मोठं गाळलेपण आहे.

दर्यावर्दी
हा मुद्दा वजनाचा आहे. तरी भिंतीला हात लावायला माझी ना. पहिल्या श्रेणीची वारसा वास्तू आहे. बाकांना बंदुका टेकवायच्या खाचासुद्धा अजून आहेत. फाटकाशी काय लावायचं ते लावा.

कुलाबकर
फाटकावरचं कोण वाचतं हो? मोबाइल वर धरून मनोऱ्याचा फोटो काढतात आणि थेट आत शिरतात. खिळा नको असेल तर स्मृतिलेखासमोर सुटा लाकडी स्टँड ठेवा, प्रार्थनेच्या वेळी बाजूला सरकवा. मजकुरात बाजारबुणगेही आले पाहिजेत, घाटवाट म्हणतात ते पटलं.

दर्यावर्दी
सुटा स्टँड चालेल. पण मजकुराला आधी तिथे प्रार्थनेला येणाऱ्यांची संमती घ्या. चर्च त्यांचं आहे.