कपात होणार म्हणतायत पण यादी कधी येणार कोणालाच माहीत नाही, हे मधले दिवस कसे काढायचे?

लिंबूटिंबू

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे नुसती वाचत असते, आज लिहितेय कारण घरात धड बोलता येत नाहीये. मी हिंजवडी फेज ३ ला एका आयटी सर्व्हिस कंपनीत टेस्ट लीड (सॉफ्टवेअर तपासणाऱ्या टीमची प्रमुख) आहे, ११ वर्षं इथेच. आमचा क्लायंट अमेरिकेतला, त्याने बजेट कापलं, प्रोजेक्ट रॅम्पडाउन होणार, म्हणजे माणसं कमी होणार, एवढं कळलंय, पण कोण राहणार कोण जाणार यावर सगळे गप्प. टाऊन हॉलमध्ये मोठे साहेब म्हणाले या क्वार्टरमध्ये काही कठीण निर्णय घ्यावे लागतील, झालं, त्यापुढे प्रश्नोत्तरं बंद. मॅनेजरला विचारलं तर म्हणतो मलाही माहीत नाही, आणि ते खरंही असेल कारण तोच हल्ली दिवसभर जिन्यात उभा राहून फोनवर कुजबुजत असतो.

नोकरी जाईल याची भीती आहेच, पण हे जे लटकून राहणं आहे ना ते जास्त खातंय. एचआरचं कुठलंही इन्व्हाइट आलं की पोटात गोळा येतो, परवा उघडून बघितलं तर पॉश (लैंगिक छळ प्रतिबंध) ट्रेनिंगचं निघालं. पहाटे तीनला जाग येते, मग लिंक्डइन चाळत पडायचं. व्हॉट्सअ‍ॅपवर रोज नवीन बातमी, आज म्हणे टेस्टिंगवाले सगळे, उद्या म्हणे दहा वर्षांच्या वरचे सगळे. २०२५ च्या जुलैत टीसीएसने दोन टक्के, म्हणजे १२ हजारांच्या आसपास लोक कमी करणार असं जाहीर केलं आणि त्यात मधल्या आणि वरच्या फळीतले जास्त असतील असं सांगितलं, तेव्हापासूनच माझ्यासारख्या ना धड ज्युनिअर ना धड सिनिअर लोकांची झोप उडालीय.

मिस्टरांचा पॅकेजिंगचा छोटा धंदा आहे, कधी बरा कधी बेताचा. पुनावळ्याच्या फ्लॅटचा हप्ता माझ्या पगारातून जातो. सासूबाईंना शुगर आणि बीपी, त्या कंपनीच्या मेडिक्लेममध्ये. आईला तर काही सांगितलेलंच नाही, ती लगेच उपास धरेल.

तुमच्यातलं कोणी यातून गेलं असेल तर सांगा, दिवस कसे काढले? आणि कधीकधी वाटतं आपणच राजीनामा टाकून मोकळं व्हावं, निदान हे संपेल तरी.

बेंचवरचा_बाजीराव

राजीनामा अजिबात टाकू नकोस!! आधी हे वाच मग बाकीचं.

मी गेल्या वर्षी यातून गेलोय (दुसरी कंपनी, पण फेज तुझीच). स्वतःहून पेपर टाकलेस तर कंपनी काढताना जे दोनचार महिन्यांचे पैसे देते त्यावर पाणी. होमलोनबरोबर जॉब लॉस कव्हर गळ्यात मारलं असेल तर तेही बहुतेक पॉलिसीत राजीनाम्याला लागू होत नाही, वाचून बघ. त्यांची पद्धत साधारण अशी असते, छोट्या मीटिंग रूममध्ये बोलावतात, एचआरची एक मुलगी आणि एक अनोळखी माणूस, आणि गोड बोलून सांगतात की तुम्हीच रिझाइन करा म्हणजे रिलिव्हिंग लेटर स्वच्छ मिळेल, नाहीतर टर्मिनेशन लिहावं लागेल. आणि हे सगळं आत्ताच्या आत्ता, पोर्टलवर क्लिक करूनच उठायचं. तिथे एकच वाक्य पाठ करून जा, "मला हे मेलवर द्या, मी घरी वाचून उत्तर देते." रडू आलं तरी चालेल पण क्लिक करायचं नाही.

आजच्या आज करण्यासारखं म्हणजे पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६, ऑफर लेटर, अप्रेझलची पत्रं स्वतःच्या मेलवर घे. फक्त स्वतःचे कागद हां, प्रोजेक्टची एक फाइल जरी बाहेर पाठवलीस तर त्यांना आयतं कारण मिळेल. पीएफच्या यूएएन नंबरला तुझाच मोबाईल आणि बँक जोडलेली आहे ना ते बघ. ग्रॅच्युइटी तुझी पक्की आहे, पाच वर्षं कधीच झालीत. हिशोब सोपा आहे, बेसिक भागिले २६ गुणिले १५ गुणिले वर्षं. समजा बेसिक ५० हजार तर ११ वर्षांचे ३ लाख १७ हजार. माझा अर्धा घाबरटपणा हा आकडा वहीत लिहिल्यावर गेला, खोटं नाही सांगत.

आणि बोनस आला की लगेच होमलोनमध्ये भरायची सवय असेल तर सध्या थांबव. लोनमध्ये गेलेला पैसा गरजेला परत मागता येत नाही, एफडीतला मोडता येतो.

मधली_सुट्टी

बाजीराव यांच्याशी सहमत. मी मनाबद्दल बोलते कारण मूळ प्रश्न तो होता.

मी समुपदेशक नाही, पण काही वर्षांपूर्वी आरईबीटी म्हणजे विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचा कोर्स केला होता. तुला जे "लटकणं" खातंय ते तुझ्या मनाचं दुबळेपण वगैरे नाहीये. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या लोकांनी २०१६ मध्ये एक प्रयोग छापला होता, ४५ जणांना कॉम्प्युटरवर दगड उलटायला लावले, खाली साप निघाला तर हाताला विजेचा छोटा झटका. झटका शंभर टक्के बसणार हे माहीत असताना जेवढा ताण आला त्यापेक्षा बसेल की नाही हे पन्नास-पन्नास असताना त्यांना जास्त ताण आला, घामसुद्धा तेव्हाच जास्त. तू सध्या पन्नास-पन्नासमध्ये बसली आहेस, म्हणूनच राजीनामा टाकावासा वाटतोय, डोक्याला फक्त निकाल हवाय, मग तो वाईट का असेना.

आता आरईबीटीवाले काय म्हणतात, तर नोकरी टिकावी ही इच्छा ठीक आहे, "टिकलीच पाहिजे नाहीतर सगळं संपलं" हा हट्ट झोप उडवतो. हे वाचायला सोपं आहे आणि पहाटे तीनला अजिबात उपयोगी पडत नाही, हेही मला माहीत आहे :) म्हणून हा विचार दिवसा उजेडी कागदावर करायचा. "गेलीच तर" असं लिहून त्याखाली पहिल्या आठवड्यात काय, पहिल्या महिन्यात काय, असं अगदी किराण्याच्या यादीसारखं लिहायचं. आणि काळजी करायला रोजची वेळ ठरव, समज संध्याकाळी सव्वासात ते साडेसात, तेव्हा मनसोक्त कर, पण मधे आली तर तिला सांग सव्वासातला ये. पहिले काही दिवस हसू येतं, नंतर खरंच लागू पडतं. झोपायच्या जागी नको मात्र, स्वयंपाकघरातल्या टेबलावर बस.

ऑफिसचे अफवांचे ग्रुप म्यूट कर. खरी बातमी तुला मेलवरच येणार आहे, ती कोणा चाफेकळीच्या फॉरवर्डने येणार नाही.

झोप बरेच दिवस अशीच उडालेली राहिली, छातीत धडधड, जेवण जात नाही असं झालं तर मात्र डॉक्टरांना दाखव, टाळू नकोस. सरकारची टेलि-मानस लाइन आहे, १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं.

खडूस_पुणेकर

साप-दगड ठीक आहे पण हप्ता सापाने भरायचा का?

या धाग्यात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अजून कोणी बोललं नाही, ती म्हणजे सासूबाईंचा मेडिक्लेम. कंपनीचा ग्रुप विमा सहसा नोकरीच्या शेवटच्या दिवशी संपतो, बऱ्याच लोकांना हे नोकरी गेल्यावर कळतं. शुगर-बीपीवाल्या माणसाची नवी पॉलिसी काढली तर जुन्या आजारांना तीन वर्षांपर्यंत वेटिंग लावू शकतात. म्हणून पॉलिसी आत्ता काढा, नोकरी चालू असतानाच, म्हणजे वेटिंगचं घड्याळ आजपासून सुरू होईल आणि मधे काही झालं तर ग्रुपचा आधार आहेच. दुसरा रस्ता, त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत बदलून घेता येतं, आधीची वर्षं धरली जातात, पण त्याला अर्ज शक्यतो नोकरी सुटायच्या आधीच करायचा. एचआरला विचारायची गरज नाही, विमा कंपनीला थेट फोन करा. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य आहे, तेवढाच दिलासा.

निवृत्त_टेलिफोन

ताई, मी बीएसएनएलचा. २०१९ च्या नोव्हेंबरात आमच्याकडे व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) आली, ४ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर फॉर्म भरायचे, पन्नाशीच्या पुढच्यांना, आणि ३१ जानेवारी २०२० शेवटचा दिवस. देशभरात ७८ हजारांवर लोक एका दिवशी बाहेर पडले. पण त्याच्या आधी कितीतरी वर्षं नुसत्या चर्चाच, बंद करणार, विकणार, पगार कापणार. कँटीनमध्ये दुसरा विषय नसायचा, दोघाचौघांना तिथेच बीपीच्या गोळ्या सुरू झाल्या. आणि गंमत बघा, फॉर्म टेबलावर आल्यावर तीच माणसं शांत झाली, कॅल्क्युलेटर घेऊन बसली. त्यामुळे वर मधली_सुट्टी यांनी सांपाचं लिहिलंय ते मला शंभर टक्के पटलं.

तुम्हाला कंपनी तारीख देत नाही ना, मग तुमची तुम्ही ठरवा. अमुक महिन्याच्या अखेरपर्यंत काही कळलं नाही तर मी बाहेर अर्ज टाकायला सुरुवात करणार, असं कॅलेंडरवर लिहून ठेवा. तोपर्यंत दर सकाळी नवा निर्णय घेत बसायचं नाही.

आणि घरी सांगा हो. वहिनींना, म्हणजे माझ्या मिसेसना, मी सहा महिने सांगितलं नाही असं करणारे आमच्यात होते, त्यांच्या घरी पुढे फार वाजलं. तुमच्या आई उपास धरतील तर धरू देत, त्यांनाही हाताला काहीतरी लागतं.

बेंचवरचा_बाजीराव

काका, वहिनींचं वाक्य तुमचं की दुसऱ्यांचं ते कळलं नाही 😄 पण तारखेची आयडिया मस्त. फक्त लिंबूटिंबू, अर्ज टाकायला महिनाअखेरची वाट बघू नकोस, आजच टाक. सध्या टेस्टिंगमध्ये कॉल यायलाच वेळ लागतो, आणि नोकरीत असताना दिलेल्या मुलाखतीत आवाज वेगळा असतो.

निवृत्त_टेलिफोन

दुसऱ्यांचं! आमच्या घरी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, नाहीतर आज इथे लिहायला शिल्लक नसतो.

एडिसनची_मावशी

इकडे अमेरिकेत एच-१बी व्हिसावर काम करणाऱ्यांना नोकरी गेली की साठ दिवस मिळतात, त्यात दुसरा स्पॉन्सर शोधा नाहीतर सामान बांधा. भाची इथेच राहते, तिच्या घरी मागच्या वर्षी हेच चाललं होतं, मुलांची शाळा, गाडीचं लोन, सगळं अधांतरी. तिने काय केलं तर रोज सकाळी दोन तास फक्त नोकरी शोधायची आणि दुपारनंतर त्या विषयावर घरात कोणी बोलायचं नाही, नवऱ्यालासुद्धा बंदी. तिला शेवटी मिळाली, पण ते सोड, मिळायच्या आधीही घरात जेवणं नीट होत होती हे मी डोळ्यांनी बघितलंय.

एक विचारू का, ११ वर्षांत मुलाखत दिलीयेस का कुठे?

लिंबूटिंबू

मावशी, नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. एकही नाही. मॅन्युअल टेस्टिंगपासून सुरुवात, मग सेलेनियम हे ऑटोमेशनचं टूल शिकले, आता सगळे प्लेराइट हे नवं टूल विचारतात. पंचविशीतली पोरं समोर बसून प्रश्न विचारणार या कल्पनेनेच घाम फुटतो, कपातीपेक्षा त्याचीच जास्त भीती आहे की काय असं आता लिहिताना वाटतंय.

काल मिस्टरांबरोबर बसले, सगळा खर्च लिहून काढला. हप्ता, शाळेची फी, सोसायटी मेंटेनन्स, औषधं. ग्रॅच्युइटी धरून आकडा मला वाटत होता त्यापेक्षा बरा निघाला, मिस्टर म्हणाले एवढ्यासाठी रात्रभर पंखा बघत होतीस का. राग आला पण झोप लागली. राजीनाम्याचं डोक्यातून काढलंय. आईला रविवारी सांगणार.

मधली_सुट्टी

रविवारी नक्की सांग. मुलाखतीसाठी, जी कंपनी तुला नकोच आहे तिथे पहिली दे. तिथे फजिती झाली तर झाली, काय फरक पडतो. आणि ११ वर्षं रिलीजच्या आदल्या रात्री बग पकडणाऱ्या बाईला पंचविशीतल्या पोराने काय विचारायचंय ते विचारू दे, प्लेराइट शिकता येतं गं.

बेंचवरचा_बाजीराव

माझ्याकडे मॉक इंटरव्ह्यू देते का बघ, शनिवारी मोकळा असतो. मी डेव्हलपर आहे पण टेस्टर्सनी माझा जितका छळ केलाय त्यावरून प्रश्न बरोबर काढीन.

आणि एक राहिलंच, काढलंच तर पगाराचा हिशोब दोन कामकाजी दिवसांत द्यायचा असं २१ नोव्हेंबर २०२५ ला लागू झालेल्या नव्या लेबर कोडमध्ये लिहिलंय. दोन महिने थांबा म्हणाले तर हे मेलवर लिहून विचार. टीम लीड "कामगार" धरायचा की नाही यावर वाद घालतील, पण हा नियम सगळ्या कर्मचाऱ्यांना आहे.

खडूस_पुणेकर

विम्याच्या फॉर्मवर सासूबाईंची शुगर लपवू नका, एजंट म्हणेल लिहू नका, त्याचं ऐकू नका, पुढे क्लेम अडतो. मेडिकल टेस्टला उपाशीपोटी बोलावतील, शुगरच्या माणसाला सकाळी लवकरची वेळ मागून घ्या.