माळवद म्हणजे धाबंच ना?

उंबरठा: एका जुन्या दगडी घराच्या वर्णनात ‘पाच खणांचं माळवदी घर’ असं वाचलं. माळवद आणि धाबं एकच का? आणि खण म्हणजे खोली का?

ओळंबा: वस्तू एकच, मातीचं सपाट छत. सोलापूर-धाराशिवकडे माळवद, खानदेश-वऱ्हाडात धाबं. (हायवेवरचा ढाबा वेगळा. त्याला ‘धाबा’ लिहून घोळ आपणच घातलाय.) खण म्हणजे खोली नव्हे, दोन तुळयांमधला गाळा. एका खोलीत तीन खणही निघतात.

तुळई: थरांची नावंही येऊ द्या. खांबावर तुळई, तिच्यावर आडव्या कड्या, कड्यांवर किलच, म्हणजे काटक्या-चिरफळ्या. मग कडुलिंबाचा पाला, चिखल आणि सगळ्यात वर पांढरी माती. काळी चालत नाही. वाळली की भेगाळते आणि पहिलाच पाऊस घरात. पांढरी खारट, तिच्यात गवत सहसा धरत नाही. ती जुन्या वस्तीच्या जागेवरची माती, म्हणून तर गावठाण ‘पांढरी’ आणि शेत ‘काळी’. उजेडाला नि धुराला छतात ठेवलेलं भोक ते सानं.

उंबरठा: माती दरवर्षी घालायची?

ओळंबा: मृगाआधी बोटभर, पण जुनी खरवडून. खरवडायचा कंटाळा, म्हणून थर चढत जातो. ५ × ८ फुटांच्या खणावर दीड फूट माती म्हणजे ६० घनफूट, कोरडीच पावणेतीन टनांच्या आसपास. ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपात किल्लारी परिसरात हेच ओझं माणसांवर आलं.

तुळई: नुसत्या ओझ्याला दोष देऊ नका. आपण ‘दगडी भिंत’ म्हणतो, पण त्या पाठीला पाठ लावलेल्या दोन भिंती असतात, मधे चिपा आणि माती. दोन्हींना धरणारा आरपार दगड नसला की हादऱ्यात त्या फुगून सुटतात. तो दगड दर दोन फूट उंचीला, चार-चार फुटांवर हवा. लाकडी खांबांवर पुरा खण पेललेल्या घरांत भिंती ढासळूनही माळवद बऱ्याच ठिकाणी उभं राहिलं. तुळया भिंतीवरच टेकवलेल्या, तिथे भिंतीबरोबर छतही आलं.

ओळंबा: बरोबर. म्हणून ‘किती खण?’ याच्या जोडीला ‘खांबावर की भिंतीवर?’ हेही विचारावं. भिंतीत गेलेलं तुळईचं टोक वाळवी आधी धरते आणि वरून कळत नाही. हातोडीने ठोकून बघा. आवाज बद्द आला तर आधी टेकू द्या, मगच माती उपसा.