मुरवण्याआधी किती शुद्ध?

सांडपाणी जमिनीत मुरवलं तर विहिरी नासतील, ही शंका रास्त आहे. पण शुद्धीकरण कुठवर नेलं, यावर सगळं आहे. कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीत २००८ पासून मायक्रोफिल्ट्रेशन (अतिबारीक छिद्रांची गाळणी), रिव्हर्स ऑस्मोसिस (घरच्या आरओसारखं, दाबाने पडद्यातून गाळणं) आणि शेवटी उरलेले जंतू नि रसायनं मारायला हायड्रोजन पेरॉक्साइडसह अतिनील किरण, एवढ्यातून सांडपाणी जातं. मग काही तिथल्याच अनाहाइम शहरातल्या तलावांत मुरवतात, तर काही किनाऱ्यालगतच्या विहिरींतून खाली दाबतात, म्हणजे समुद्राचं खारं पाणी आत सरकत नाही. (मला तर हाच फायदा मोठा वाटतो.) बंगळुरूहून शेजारच्या कोलार जिल्ह्यातल्या तलावांत २०१८ पासून सोडलेलं सांडपाणी मात्र दुय्यम प्रक्रियेपर्यंतचंच, म्हणजे गाळ बसवून जिवाणूंकरवी सेंद्रिय घाण कमी केलेलं. तिथल्या शेतकऱ्यांनी तिसऱ्या टप्प्याचा, म्हणजे त्यापुढच्या आणखी शुद्धीकरणाचा, आग्रह धरला, त्यात चूक काय?